गैरहजर मांडलेली मुलगी

मागच्या उन्हाळ्यात अमरावतीत मी साठ-सत्तर अंगणवाडी सेविकांना एक फॉर्म भरायला शिकवला. केंद्रात लेकराला गंभीर इजा झाली, आकडी आली, एकाच दिवशी चार-पाच जणांना जुलाब लागले, तर कुणाला कळवायचं, किती वेळात कळवायचं आणि कोणत्या रकान्यात काय लिहायचं. मी मुख्यसेविका आहे, सेविकांच्या भाषेत 'सुपरवायझर मॅडम', आणि हे शिकवणं माझं कामच आहे. शिकवलंही चांगलं. माझा आवाज मोठा आहे. मागच्या रांगेत कुणी मोबाइलमध्ये डोकं घातलं, तर मी नाव न घेता असं काही बोलते की तिला घाम फुटतो. "लपवू नका," मी त्यांना बजावलं. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही." बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मेळघाटातून, सेमाडोहकडून आलेली एक तरुण सेविका उभी राहिली. नवीनच लागलेली होती, हातात वही, डोळ्यांत धाक. तिनं विचारलं, "मॅडम, तुमी पण आधी सेविका होत्या ना? तुमच्या केंद्रात असं कधी झालं का? तेव्हा तुमी कसं कळवलं?"

"नाही," मी म्हटलं. "देवाच्या दयेनं माझ्यावर तशी वेळ आली नाही."

ती खाली बसली आणि तिनं वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल, देव जाणे. लाजेनं भूक मरते असं लोक म्हणतात. माझी मेली नाही. दुपारी मसालेभात होता, मी दोनदा घेतला. पण संध्याकाळी घरी आल्यावर त्या प्रशिक्षणातला उरलेला एक कोरा फॉर्म पर्समधून काढला आणि टेबलावर ठेवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल बोलत आले. त्या संध्याकाळी ते माझ्याच घरात येऊन बसलं.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा मी माझ्या सासरच्या गावात अंगणवाडी चालवायची. गाव तेल्हाऱ्यापासून जीपनं वीस मिनिटांवर. अंगणवाडी म्हणजे एक खोली, तिच्याच कोपऱ्यात कमरेएवढी भिंत घालून केलेलं स्वयंपाकघर, आणि दाराबाहेर हापशी. मी आणि मदतनीस, अशा दोघी. मदतनीस माझ्याहून दहा वर्षांनी मोठी होती, नवरा नसलेली, कमी बोलणारी. मी तिला मावशी म्हणायची. ती खिचडी शिजवायची, लेकरांची नाकं पुसायची आणि माझी बडबड ऐकून घ्यायची.

त्या वर्षी आम्हाला मोबाइल मिळाले होते. साडेदहाला सगळ्या लेकरांना ओळीत बसवून फोटो काढायचा आणि अकराच्या आत वर पाठवायचा. नाही पाठवला की फोन यायचा, "मॅडम, आज केंद्र बंद होतं का?" खोलीत नेटवर्कचा पत्ता नव्हता. ते मिळायचं शाळेमागच्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. सातव्या पायरीवर उभं राहून तोंड तेल्हाऱ्याकडे केलं की फोटो जायचा. सहाव्या पायरीवर जायचा नाही. रोज हा सोहळा. पण तालुक्यात सगळ्यांत आधी फोटो माझ्या केंद्राचा पोचायचा, बैठकीत साहेब तसं बोलून दाखवायचे आणि मी मान खाली घालून हसायची. त्याचा मला फार गर्व होता.

आमचा एक नियम होता. खिचडीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, गॅसवरून उतरवून लेकरांना वाढून होईपर्यंत दोघींपैकी एकीनं लेकरांजवळच थांबायचं. हा नियम कुठल्या साहेबानं केला नव्हता, मीच केला होता. मावशी तो पाळायची.

त्या दिवशी फोटो काढायला उशीर झाला. दहा पंचेचाळीसला निघाला एकदाचा. मी फोन घेऊन दाराकडे गेले तशी मावशी म्हणाली, "बाई, गंज उतरवून राहिली मी. वाढून होऊ द्या, मंग जा."

"तुले दोन मिनिटं लेकरं सांभाळता येत नाहीत का?" असं मी तिला तोडून बोलले आणि गेले.

पुढचं मी पाहिलं नाही, मावशीनं सांगितलं. तिनं लेकरांना हात धुवायला हापशीवर पाठवलं. गंज उतरवून, लवकर निवावा म्हणून, पंख्याखाली जमिनीवर ठेवला. रोज तिथेच ठेवायचो. हापशीवर दोन पोरांची मारामारी जुंपली. मी तिथे असते तर एका आवाजात मिटली असती. मी नव्हते, म्हणून मावशी दारापर्यंत गेली. तेवढ्यात एक मुलगी तिच्या बाजूनं निसटून आत शिरली. खिचडी पहिल्यांदा आपल्याला मिळावी म्हणून. पाय ओले होते, फरशी गुळगुळीत. ती घसरली आणि तिचा डावा हात खांद्यापर्यंत गंजात गेला.

किंकाळी मला सातव्या पायरीवर ऐकू आली. मी लगेच धावले नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. फोनवर ते गोल चक्र फिरत होतं, फोटो अर्धा गेला होता. मी तो पूर्ण जाईपर्यंत थांबले. बरोबरची खूण आली, मग उतरले. किती वेळ थांबले असेन? अर्धा मिनिट, फार तर एक. लेकरू ओरडत होतं आणि मी खूण बघत होते.

मुलगी चार वर्षांची होती. गावात मुसलमानांची चार घरं, त्यातल्या एका घरची. बाप तेल्हाऱ्यात फवारणीचे पंप दुरुस्त करायचा, आई घरी बसून ब्लाउज शिवायची, दादी शेतावर कापूस वेचायला जायची. मुलगी खिचडीची वेडी होती. वाढेपर्यंत ताट डोक्यावर टोपीसारखं धरून बसायची आणि मी रागावले की आणखी घट्ट धरायची. आता ती मावशीच्या मांडीवर होती. तिला धाप लागली होती, रडायलाही श्वास पुरत नव्हता. हाताला खिचडी चिकटलेली होती. मावशी तिला उचलून हापशीकडे नेत होती, आणि तेच बरोबर होतं. भाजलं की आधी गार पाणी, हे मला दोन प्रशिक्षणांत शिकवलं होतं. पण माझी मती गेली. लेकरांना दात घासायला शिकवायच्या डब्यात टूथपेस्ट होती. मी मावशीला थांबवलं आणि अख्खी ट्यूब त्या हातावर फासली.

मग आईला बोलावणं गेलं. ती शिवणाची टेप गळ्यात तशीच ठेवून पळत आली. तिनं पोरीला छातीशी धरलं. ओरडली नाही, आम्हाला एक शब्द बोलली नाही. फक्त विचारत राहिली, "हात वाचीन ना, बाई? हात वाचीन ना?"

जीप यायला वेळ होता.  मावशीनं मला कोपऱ्यात ओढलं. "बाई, खरं सांगून टाकू. माह्या हातून झालं. मीच सांगीन साहेबाले." मी तिला म्हटलं, चूप. तोंडातून ब्र काढायचा नाही. घरात कमावणारी तू एकटी, ही नोकरी गेली तर कुठे जाशील? मी हे तिच्याच भल्यासाठी बोलते आहे असं मला तेव्हा खरोखर वाटत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई मी. साहेबानं विचारलेला पहिला प्रश्न काय असता? 'मॅडम, तेव्हा तुम्ही कुठे होता?'

आणि मग मी त्या आईजवळ गेले. पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तिनं स्वतःहून आम्हाला सांभाळून घेतलं. तसं झालं नव्हतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात सांगितलं, "हे पाह्य, दवाखान्यात इचारतीन. घरी खिचडी सांडली म्हनजो. तू पोरीले घेऊन माह्याकडे आली, औषध लावाले. समजलं? नाहीतं आमच्या दोघींच्या नोकऱ्या जाईन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी म्हनान तसं, बाई," ती म्हणाली.

गावच्या एखाद्या मोठ्या घरची नात भाजली असती, तर तिच्या आईला मी हे सांगायला धजले असते का? नसते. तोंडच उघडलं नसतं. आमची काळी जमीन आहे, सासऱ्यांचा गावात शब्द चालायचा, आणि ही चार घरांतली एक सून, माझ्यासमोर खुर्चीवर न बसणारी. ती नाही म्हणणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी मागितलं. याची मला त्या टूथपेस्टपेक्षाही जास्त लाज वाटते.

तेल्हाऱ्यातून आम्हाला अकोल्याला पाठवलं. अकोल्यात सरकारी दवाखान्यात जळिताच्या खोलीत एक तरुण डॉक्टर होता. त्याला त्या दिवशी श्वास घ्यायला उसंत नव्हती. त्यानं हात पाहिला आणि त्याचा चेहरा बदलला. "ही पेस्ट कोणी फासली?"

मी तिथेच होते, पाण्याची बाटली धरून. माझ्या नखांत अजून ती पांढरी पेस्ट होती.

"म्या लावली," आई म्हणाली.

हे मी तिला शिकवलं नव्हतं. हे खोटं तिनं आपणहून उचललं, कारण मी शिकवलेल्या खोट्याला ते लागतच होतं. डॉक्टर तिच्यावर ओरडला. आता ही पेस्ट खरवडून काढावी लागेल, पोरीला त्याचा किती त्रास होईल माहीत आहे का? चार वर्षांच्या लेकराजवळ उकळती खिचडी ठेवायची अक्कल कुणाची? आई आहेस की कोण? खोलीतले बाकीचे लोक माना वळवून तिच्याकडे बघत होते. ती मान खाली घालून "हाव साहेब, हाव साहेब" करत राहिली. नर्सनं मला विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?"

"शेजारीण," मी म्हटलं.

पेस्ट काढताना मी बाहेर जाऊन बसले. भिंत जाड होती, तरी ऐकू येत होतं.

संध्याकाळी परत गावी येऊन मी हजेरीपुस्तक उघडलं. मुलीच्या नावापुढे सकाळीच हजर मांडलं होतं. ते खोडलं नाही, खाडाखोड डोळ्यांवर येते. 'ह'च्या आधी 'गैर' घालायला जागा नव्हती, म्हणून अख्खं पान नवं केलं. त्या महिन्याच्या सगळ्या तारखा, सगळी लेकरं, सुबक अक्षरात पुन्हा लिहिली. त्या तारखेला तिला गैरहजर मांडली. ॲपमध्ये ती हजर होती, फोटोत दुसऱ्या ओळीत ताट डोक्यावर धरून बसली होती. पण फोटो कोण बघतं? फोटो वेळेत आला एवढंच बघतात.

लेकरांनी घरी जाऊन सांगितलं असणारच. पण चार वर्षांच्या लेकराचं कोण ऐकतं, आणि मी आधीच सगळीकडे सांगून ठेवलं होतं की तिच्या आईनं तिला भाजलेल्या हातानिशी माझ्याकडे आणलं. गावानं माझी वाहवा केली. बाई होती म्हणून पोरगी वाचली, अकोल्यापर्यंत सोबत गेली, अशी माणसं आता कुठे मिळतात. मी म्हणायची, "अहो, त्यात काय एवढं." हे वाक्य मी निदान वीस घरांत म्हटलं असेल.

मुलगी तीन आठवड्यांनी घरी आली. मांडीची कातडी काढून हाताला लावली होती. हात वाचला, पण कोपरात सरळ होत नव्हता, आजही पूर्ण होत नाही. आणि मावशी? जिची नोकरी वाचवते म्हणून मी एवढा उपद्व्याप केला, तिनं तीन महिन्यांत स्वतःच काम सोडलं. गंज उचलायला गेली की तिचे हात लटलटायचे. जाताना ती मला एवढंच म्हणाली, "बाई, मले सांगू द्याले पायजे होतं."

त्या घरात काय झालं ते मला पुढच्या ईदला कळलं. दादी माझ्याकडे शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली. ती दरवर्षी यायची. पोरगी भाजली त्या दिवशी ती शेतात होती, तिला सुनेनं सांगितलं तेवढंच माहीत. डबा माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "मीच बनवला, बाई. बिनधास्त खा. बहूले मी चुलीजवळ जाऊच देत नाई आता. जिनं आपल्या पोटच्या पोरीले सांभाळलं नाई, तिच्या भरोशावर घर कसं सोडू? तुमाले तं सारं मालूमच हाय."

सारं मालूम असलेली मी "हो" म्हणाले.

घरातल्या कर्त्या सुनेला चुलीपासून दूर ठेवणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. ती पीठ मळायची, भांडी घासायची, शिवण शिवायची. पाहुणे आले की दादी चुलीपाशी आणि सून ओट्यावर. पाहुणे विचारायचे आणि दादी सांगायची. दादी वाईट नव्हती. नातीवर तिचा जीव होता, आणि नातीच्या हाताकडे रोज बघून तिचा राग रोज ताजा व्हायचा. एका वाक्यानं मी तो उतरवू शकले असते. मी शीरखुर्मा खाल्ला, डबा धुतला आणि रिकामा देऊ नये म्हणून त्यात साखर घालून परत पाठवला. शिष्टाचारात मी कधी चुकत नाही.

तीन वर्षांनी परीक्षा दिली, मुख्यसेविका झाले आणि अमरावतीला आले. मुलाखतीत विचारलं होतं, तुमच्या केंद्रात सुरक्षिततेसाठी तुम्ही काय केलं. मी गंजाचा नियम सांगितला. साहेबांना तो फार आवडला.

तर तो फॉर्म. प्रशिक्षणाच्या त्या संध्याकाळी मी तो भरला. घटनेचं ठिकाण: अंगणवाडी केंद्र. इजेचा प्रकार, प्रथमोपचार काय केले, कोणी केले. घटनेच्या वेळी सेविका कुठे होती? टाकीच्या जिन्यावर, सातवी पायरी. शेवटी एक रकाना आहे, कळवण्यास विलंब झाला असल्यास कारण. सत्तर बायकांना मी त्या सकाळीच सांगितलं होतं, हा रकाना कोरा सोडायचा नाही. मी कोरा सोडला. दुसऱ्या आठवड्यात फॉर्म कार्यालयात देऊन आवक शिक्का मारून घेतला. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, निवृत्तीला चार वर्षं राहिली तुमची. हे कशाला उकरता? परत घेऊन जा." मी घेतला नाही. त्याचं काय व्हायचं ते होवो. मला नोकरीची भीती वाटत नाही असं नाही, वाटते. पण साहेबांना कळवणं त्यातल्या त्यात सोपं होतं. जिला कळवायचं होतं ती गावात होती.

त्यानंतरच्या रविवारी मी अकोल्याची बस धरली, तिथून तेल्हारा, तिथून जीप. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. आधी दादीला सांगायचं, सुनेसमोर, शेजारच्या चार बायका बोलावून. जेवढ्या लोकांत ते खोटं पसरवलं तेवढ्यात नाही, पण निदान त्या ओट्यावर तरी.

आई मशीनवर बसली होती. मला पाहून उठली, खरंच खूश झाली. "बाई! या, या. किती वर्षांनी." ती आता तिशी ओलांडलेली, चष्मा लागलेला. मुलगी अकरा वर्षांची झालेली, लांब बाह्यांचा ड्रेस, हातात कंपास पेटी. मला तिनं सलाम केला. घरात दादीची खाट दिसली नाही.

"अम्मा गेल्या," आई म्हणाली. "मागच्या जुम्म्याले चालीसवा झाला."

मी खाली बसले. दादीला जाऊन जेमतेम दीड महिना झाला होता. आई आत गेली, तिनं चहा टाकला, एका बाजूला वरण चढवलं, जेवूनच जा म्हणाली. चहा उतरवायच्या आधी ती मोठ्यानं म्हणाली, "बाहेर हो, बेटा." मुलगी गणित सोडवत होती. तिनं मान वर न करता वही उचलली, उठली, उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली. पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आल्यावर आत येऊन पुन्हा बसली. दोघींपैकी कुणालाही त्यात काही वेगळं वाटलं नाही.

चहाचा कप मी तसाच ठेवला आणि मुलीला ऐकू जाणार नाही अशा हळू आवाजात आईला सांगून टाकलं. कशासाठी आले ते, फॉर्म दिला ते, दादीला सांगायचं होतं ते. जुळवलेली वाक्यं सगळी विसरले, नुसती ततपप झाली. आईनं ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"ज्यांले सांगाचं होतं त्या गेल्या, बाई," ती म्हणाली. "खाटेवर पडल्यावर चूल माह्या हाती आली, तरी जायच्या आदल्या दिवशी बी मले म्हने, 'गंज उतरवतानी पोरीले बाहेर काढत जाय.' म्या हो म्हटलं. आता राहू द्या."

"मुलीला माहीत आहे?" मी विचारलं.

मुलगी आमच्याकडे बघत होती. "काय माहीत?" ती म्हणाली. "माझ्या हाताचं? अम्मीच्या हातून खिचडी सांडली माझ्यावर. मी लहान होते. अम्मीनं मुद्दाम नाही केलं." आणि ती आईकडे पाहून समजूतदारपणे हसली. आईला माफ करून किती वर्षं झाली होती तिला.

आईनं मला मानेनं नको म्हटलं. मला थांबता आलं नाही. ते त्या मुलीसाठी होतं, आईसाठी होतं की मला हलकं व्हायचं होतं म्हणून, हे मला अजून सांगता येत नाही. मी फोन काढला. तो फोटो मी पुसला नव्हता. सरकारी फोन परत करताना स्वतःच्या फोनवर घेतला होता. का, ते मला विचारू नका. कोपऱ्यात तारीख आणि वेळ आहे, दहा पंचेचाळीस. दुसऱ्या ओळीत ती, बिनबाह्यांचा फ्रॉक, ताट डोक्यावर, दोन्ही हात वर.

"त्या दिवशी तू अंगणवाडीत होतीस," मी म्हटलं. "खिचडी तिथली होती. तुझ्या आईनं काही सांडलं नाही. मी तुला सोडून हा फोटो पाठवायला गेले होते. तुझ्या हाताला पेस्टही मीच लावली."

तिनं फोन घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. चेहरा बाजूला सरकवून ती डाव्या हातावर थांबली. गुळगुळीत, सरळ वर गेलेला हात. ती बराच वेळ बघत राहिली. मग फोनवरून मान न उचलता तिनं आईला विचारलं, "तू काहून नाही सांगितलं?"

"बाईची नोकरी गेली असती," आई म्हणाली.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, गणितात पुढची पायरी विचारावी तसं. "मग गेली का?"

"नाही," मी म्हटलं. "बढती झाली."

 आत वरण उतू जायला लागलं तशी आई उठली. तिनं फडकं घेतलं आणि सवयीनं म्हणाली, "बाहेर हो, बेटा."

मुलगी आत गेली. भिंतीवरची सांडशी काढून तिनं आईच्या हातात दिली आणि तिथेच, गॅससमोर, आईच्या गुडघ्याला लागून बसली. आई तिला काहीतरी हळू म्हणाली. ती हलली नाही.

मी उठले आणि गंज खाली उतरेपर्यंत उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिले.